डीव्हीडी प्लेअरचं चित्र टीव्हीवर नीट येत नाही? दोष कुठे आहे ते असं शोधा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर खाली येतो, त्याच्यासोबत लग्नाच्या, मुंजीच्या डिस्कचा डबा येतो. दसऱ्याला घेतलेल्या नव्या टीव्हीला तो जोडायला गेलं की चित्र येतच नाही, नाहीतर भलतंच येतं. सिडकोतला फ्लॅट असो की पंचवटीतला जुना वाडा, नाशिकमध्ये हा प्रकार घरोघरी आहे. मग "प्लेअर गेला" असं म्हणून तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. यातल्या बऱ्याच प्लेअरना काहीही झालेलं नसतं. पिन चुकलेली असते, एखादं सेटिंग उलटं असतं किंवा डिस्क मळलेली असते. यांपैकी नेमकं काय, ते एकही स्क्रू न काढता कळू शकतं. फक्त शोधायचा क्रम चुकवायचा नाही.

आधी डिस्क न घालता बघा

प्लेअर रिकामाच सुरू करा. टीव्हीवर कंपनीचा लोगो किंवा "नो डिस्क" असं काहीतरी यायला हवं. मग रिमोटवरचं सेटअप बटण दाबा. हा मेनू प्लेअर स्वतःच्या पोटातून काढतो, त्यासाठी त्याला डिस्क लागत नाही आणि लेन्सही लागत नाही. मेनूची अक्षरं स्वच्छ, रंगीत आणि स्थिर दिसत असतील तर टीव्ही, केबल, सॉकेट आणि आउटपुटचं सेटिंग ही चारही माणसं निर्दोष सुटली. दोष डिस्कमध्ये किंवा लेन्समध्ये आहे, तेव्हा सरळ खाली "चौकोन" या भागाकडे जा.

मेनूच दिसत नसेल, थरथरत असेल किंवा रंग नसेल, तर डिस्क पुसत बसण्यात अर्थ नाही. ही तपासणी न करता लोक आधी लेन्स क्लिनर विकत आणतात.

यानंतर दुसरी फाळणी. घरातला सेटटॉप बॉक्स त्याच केबलने टीव्हीच्या त्याच सॉकेटला लावा. बऱ्याच सेटटॉप बॉक्सना एचडीएमआयबरोबर एव्ही आउटपुटही (पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांचं) असतं. त्याचं चित्र नीट आलं, तर टीव्ही आणि केबल ठीक आहेत आणि संशय प्लेअरवर उरतो. तेही बिघडलेलं आलं, तर प्लेअरला उगाच दोष देत होतो. यापेक्षा चांगलं टेस्टिंगचं साधन घरात दुसरं नाही, आणि ते फुकट आहे.

टीव्हीच्या मागे नक्की काय आहे?

भिंतीवर टांगलेल्या टीव्हीच्या मागे डोकं जात नाही. मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करा, हात मागे घालून फिरवा आणि नंतर तो थांबवत थांबवत बघा. सॉकेटशेजारची बारीक अक्षरंही वाचता येतात.

पिवळं सॉकेट चित्राचं, पांढरं डाव्या आवाजाचं, लाल उजव्या आवाजाचं. हिरवं, निळं आणि लाल अशी तिघं शेजारी दिसली तर ते कॉम्पोनंट: तीनही चित्राचीच, आवाजाची जोडी वेगळी. म्हणजे लाल सॉकेट दोन असू शकतात, एक चित्राचं आणि एक आवाजाचं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. काही टीव्हींमध्ये जागा वाचवण्यासाठी पिवळं आणि हिरवं एकच केलेलं असतं, त्याशेजारी दोन्ही नावं छापलेली असतात. आणखी नव्या टीव्हीत हेही नसतं, फक्त हेडफोनसारखं एक बारीक छिद्र असतं आणि त्यात घालायची छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात येते. ती वायर खोक्याबरोबर रद्दीत गेली का, तेवढं आधी बघा.

काही जोडण्यापूर्वी दोन्ही उपकरणं बोर्डावरून बंद करा. हे मी उगाच सांगत नाही. बहुतेक प्लेअर दोन पिनांच्या प्लगवर चालतात, त्यांना अर्थिंग नसतं, आणि त्यांच्या पत्र्याला हात लावला की बारीक मुंग्या येतात. आपल्या बोटाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण चालू असताना एचडीएमआयची पिन घातली तर तोच गळका करंट टीव्हीच्या पोर्टचा जीव घेऊ शकतो.

चित्र अजिबात येत नाही

टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून एकेक इनपुट निवडा आणि प्रत्येकावर चार-पाच सेकंद थांबा. घाईने पुढे गेलं तर योग्य इनपुटही निसटतं.

मग पिवळी पिन प्लेअरच्या बाजूला कुठे आहे ते बघा. तिथे "व्हिडिओ आउट" लिहिलेलं पाहिजे. शेजारी तसंच दिसणारं एक सॉकेट असतं, "कोअॅक्सियल" किंवा "डिजिटल ऑडिओ" नावाचं. पिन त्यात अगदी मापात बसते आणि चित्र काही येत नाही. स्पीकरमधून मोठ्याने "घर्रर्र" असा आवाज येत असेल तर पिवळी पिन टीव्हीच्या लाल किंवा पांढऱ्या सॉकेटात गेली आहे. चित्राचा सिग्नल आवाजाच्या रस्त्याने गेला की असाच गुरगुरतो. अदलाबदल करा, काही जळालेलं नसतं.

पिना बरोबर असूनही पडदा काळा असेल किंवा चित्र फाटून आडव्या चिंध्या झाल्या असतील, तर प्रोग्रेसिव्ह स्कॅनवर, म्हणजे चित्राच्या सगळ्या रेषा एका दमात पाठवायच्या मोडवर, संशय घ्या. पिवळ्या केबलमधून प्रोग्रेसिव्ह चित्र जातच नाही, आणि प्लेअर त्या मोडवर अडकला की बऱ्याच मॉडेलमध्ये पिवळं सॉकेट मुकं होतं. माळ्यावर पडलेल्या प्लेअरचं हे सेटिंग आपोआप बदलत नाही, पण रिमोट लहान मुलांच्या हातात गेलेला असतो. उपाय अंदाजाने करायचा आहे, कारण मेनू दिसत नाही. डिस्क काढा, रिमोटवर "पी-स्कॅन", "व्ही-मोड" किंवा "व्हिडिओ" असं जे बटण असेल ते एकदा दाबा, पाच सेकंद थांबा, पुन्हा दाबा. कुठल्यातरी दाबण्याला चित्र उगवतं. उगवलं की लगेच सेटअपमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट "कॉम्पोझिट" किंवा "इंटरलेस", म्हणजे पिवळ्या पिनेला चालणारं, करून ठेवा.

टीव्हीला फक्त एचडीएमआय आणि प्लेअरला फक्त तीन पिना असतील तर मध्ये एक डबी लागते. त्या दोन प्रकारच्या मिळतात, दिसायला जुळ्या बहिणी: एक एव्हीवरून एचडीएमआय करणारी, दुसरी एचडीएमआयवरून एव्ही करणारी. आपल्याला पहिली हवी. उलटी डबी कितीही चांगली असली तरी काम करणार नाही. एम. जी. रोडवर किंवा शालिमारला घ्यायला गेलात तर "डीव्हीडीच्या तीन पिना आत, टीव्हीची एचडीएमआय बाहेर" असं वाक्यात सांगा, नुसतं "कन्व्हर्टर द्या" म्हणू नका. आणि त्या डबीला वीज लागते. तिची यूएसबी वायर मोबाइलच्या चार्जरला लावलेली बरी.

चित्र आहे, रंग नाही

इंदिरानगरला शेजारच्या काकूंनी असंच बोलावलं होतं. "अरे, लग्नात माझी पैठणी मोरपंखी होती, येवल्याहून आणलेली. इथे बघ, राखेसारखी दिसतेय!" पडद्याजवळ जाऊन पाहिलं तर पैठणीच्या गडद भागावर मच्छरदाणीसारखी बारीक जाळी थरथरत होती आणि शेजारचा पांढरा सदरा मात्र स्वच्छ होता. ही जाळी म्हणजे मोठा पुरावा. पिवळ्या केबलमध्ये रंग आणि उजेड एकाच तारेतून येतात. टीव्हीला ती तार कॉम्पोनंटची हिरवी वाटली की तो तिच्यातला रंग वेगळा काढतच नाही, आणि तो रंग गडद कपड्यांवर ठिपक्यांच्या रूपात उरतो. काकूंच्या टीव्हीला ते पिवळं-हिरवं जोडसॉकेट होतं आणि सोर्सच्या यादीत "कॉम्पोनंट" निवडलेलं होतं. "एव्ही" निवडलं आणि पैठणीला रंग आला. "एवढंच होतं होय?" म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

जाळी नसेल तर पाल आणि एनटीएससी या चित्र पाठवायच्या दोन पद्धतींची भानगड बघा. भारतात पाल चालतं: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला जवळपास ३०. दोघांत रंग पाठवायची पद्धतही निराळी. मुलाने अमेरिकेहून पाठवलेली डिस्क किंवा एनटीएससीवर राहिलेला प्लेअर जुन्या डबा टीव्हीला लावला, की रंग जातात आणि कधी चित्र खालून वर सरकत राहतं. सेटअपमध्ये "टीव्ही सिस्टीम" किंवा "टीव्ही टाइप" शोधा. जुन्या टीव्हीसाठी तिथे पाल ठेवा. एलसीडी, एलईडीला दोन्ही कळतं, तिथे "ऑटो" किंवा "मल्टी" उत्तम.

तिसरं कारण ती बारीक जॅकची वायर. तिच्या जॅकवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार तुकडे, आणि कुठल्या तुकड्यावर चित्र जाणार हे सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. बाजारात मिळालेली वायर टीव्हीच्या क्रमाची नसेल तर चित्राच्या जागी आवाज येतो. अशा वेळी पिनांचे रंग विसरा आणि प्लेअरची पिवळी पिन त्या वायरच्या लाल तोंडात, मग पांढऱ्या तोंडात घालून बघा.

कॉम्पोनंट वापरत असाल आणि माणसांचे चेहरे निळे-जांभळे दिसत असतील, तर निळी आणि लाल पिन एकमेकांच्या घरात बसल्या आहेत. डबा टीव्हीच्या एकाच कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग असेल तर प्लेअरचा संबंध नाही, होम थिएटरचा स्पीकर लोहचुंबकासकट टीव्हीला चिकटून ठेवला आहे. तो लांब करा आणि टीव्ही काही वेळ बंद ठेवून पुन्हा लावा.

एचडीएमआय लावूनही "नो सिग्नल"

एचडीएमआयमध्ये दोन्ही उपकरणं आधी एकमेकांशी बोलतात: तुला काय झेपतं, कॉपीविरोधी कुलपाची किल्ली आहे का, वगैरे. ही बोलणी फिसकटली की पडदा काळा. म्हणून दोन्ही बोर्डावरून बंद करा, मिनिटभर थांबा, आधी टीव्ही लावून योग्य एचडीएमआय निवडा आणि मग प्लेअर सुरू करा. बऱ्याच वेळा एवढ्याने भागतं. मध्ये स्प्लिटर (एका केबलच्या दोन वाटा करणारी डबी) असेल तर काढून थेट जोडा. जुन्या कॉम्प्युटर मॉनिटरकडे ती किल्ली नसेल तर तिथे चित्र येणारच नाही, केबल कितीही महाग आणा.

मग रेझोल्यूशन, म्हणजे चित्र किती रेषांचं. प्लेअर १०८० वर आणि टीव्ही जुना असेल, तर रिमोटवरचं एचडीएमआय किंवा रेझोल्यूशनचं बटण दाबत ७२० किंवा ५७६ वर उतरा. इथे कमीपणा मानू नका. पालच्या डीव्हीडीवर मुळात ७२० बाय ५७६ ठिपकेच असतात, १०८० केलं तर प्लेअर तेच ताणून देतो. ब्लू-रेची गोष्ट वेगळी, त्याला १०८० हवंच. तिथे अडचण आली तर सेटअपमधलं २४पी (सेकंदाला २४ चित्रांचं) आउटपुट बंद करून बघा.

पडद्यावर पांढऱ्या चांदण्या चमकत असतील किंवा चित्र क्षणभर जाऊन येत असेल तर केबल बदला. आखूड आणि साधी केबल लांब आणि सोनेरी केबलपेक्षा जास्त भरवशाची.

पट्टे आणि उजेडाची उघडझाप

जाड, फिकट पट्टे चित्रावरून सावकाश वर सरकतात? केबल टीव्हीची जाड काळी वायर काढून बघा. पट्टे गेले तर दोष प्लेअरचा नाही. ती वायर आणि घरातली वीज या दोघांच्या अर्थिंगमधला फरक एव्ही केबलमधून वाहतो आहे. प्लेअर, टीव्ही आणि सेटटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले की पुष्कळदा कमी होतात. न झाल्यास केबलवाल्याला सांगा. बारीक तिरक्या रेघा असतील तर एव्ही केबलच हलकी आहे.

चित्र थोडा वेळ उजळतं, मग काळवंडतं, पुन्हा उजळतं, असं होत असेल तर प्लेअरची वायर जुन्या व्हीसीआरमधून टीव्हीला गेली आहे का बघा. बाजारातल्या डिस्कवरची कॉपीविरोधी युक्ती व्हीसीआरला असंच गोंधळवते. प्लेअर थेट टीव्हीला लावा.

माणसं लांबट किंवा चपटी दिसणं हा बिघाड नाही. प्लेअरमध्ये टीव्हीचा आकार १६:९ करा, तरीही चपटी दिसली तर टीव्हीच्या रिमोटवरून ४:३ निवडा. जुन्या लग्नाच्या डिस्क ४:३ मध्येच असतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या.

चौकोन पडतात, चित्र अडकतं

एव्ही केबल चित्रात चौकोन पाडू शकत नाही. चौकोन म्हणजे प्लेअरला डिस्कवरचा मजकूर वाचता आला नाही. डीव्हीडीवर प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. एक पूर्ण आणि पुढची डझनभर "मागच्यापेक्षा काय बदललं" एवढीच. म्हणून एक चूक झाली की तिचे तुकडे पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत, साधारण अर्धा सेकंद, पडद्यावर लोंबकळतात. व्हीसीडीचं चित्र मात्र जन्मतःच ३५२ बाय २८८ असतं. ते ४३ इंची टीव्हीवर ठोकळ्यांचं दिसलं तर कुणाचा दोष नाही.

डिस्क उजेडाकडे धरा. बोटांचे ठसे असतील तर नळाखाली धरून साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, धुवा आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसायचं नाही. मजकूर गोलाकार वळणावर लिहिलेला असतो. आडवा ओरखडा प्रत्येक वळणाचा थोडा तुकडा खातो आणि तेवढी चूक प्लेअर भरून काढतो. वळणाच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूर गिळतो, तिथे इलाज नाही. टूथपेस्ट घासायचा सल्ला सगळे देतात. मी देणार नाही, एका ओरखड्याच्या बदल्यात हजार बारीक ओरखडे मिळतात.

डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात छान आणि शेवटचे आशीर्वाद अडकतात, तर दोष कडेजवळ आहे, जिथे आपण बोटं लावतो. वरचा कागदी स्टिकरही कारण असू शकतो. फोटो स्टुडिओवाल्यांनी हौसेने चिकटवलेला वधूवरांचा फोटो वर्षानुवर्षांत आकसतो, डिस्क किंचित वाकते आणि वेगात फिरताना हेलकावते. तो ओढून काढू नका. सीडी आणि व्हीसीडीत तर मजकुराचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो आणि स्टिकरबरोबर सोलून येतो. मोठ्या चित्रपटाच्या मध्यावर एकदाच क्षणभर थांबणं मात्र स्वाभाविक आहे, लेसर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जात असतो.

डिस्क चांगली दिसत असूनही अडकते? तीन डिस्क लावा: बाजारातली डीव्हीडी, व्हीसीडी आणि घरची रेकॉर्ड केलेली. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अदृश्य लेसर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० चा लाल. व्हीसीडी चालते आणि एकही डीव्हीडी चालत नाही, तर लाल लेसर थकला. बाजारातली चालते आणि लग्नाची चालत नाही, तर लगेच लग्नाच्या डिस्कवर फुली मारू नका. रेकॉर्ड केलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परततो आणि म्हातारी लेन्स आधी तिथेच हात टेकते. तीच डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये चालू शकते.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात बंद कपाटात राहिलेल्या प्लेअरच्या लेन्सवर धुरकट थर बसतो. ब्रशवाली क्लिनिंग डिस्क एकदा फिरवा, दहा वेळा नको. निफाडच्या थंडीत रात्रभर गाडीत राहिलेला प्लेअर घरात आणला तर तासभर तसाच ठेवा, लेन्सवरचं दव उडू दे. झाकण उघडून प्लेअर चालू ठेवून लेन्समध्ये डोकावू नका. आतल्या पॉवर सप्लायला थेट वीज असते आणि लेसर डोळ्याला वाईट.

"राँग रीजन" आलं तर यातलं काहीच कारण नाही, डिस्क जगाच्या दुसऱ्या भागासाठी काढलेली आहे. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये, आखाती देश २ मध्ये. ब्लू-रेसाठी आपण सी मध्ये. दुबईहून आणलेली डिस्क इथल्या प्लेअरने नाकारली तर त्याने नियम पाळला.

पेन ड्राइव्हवरून फक्त आवाज येतो आणि चित्र नाही, हेही बिघडणं नव्हे. मोबाइलच्या व्हिडिओची नवी भाषा जुन्या प्लेअरला कळत नाही. तो पेन ड्राइव्ह सरळ टीव्हीला लावा.

दुकानात नेण्यापूर्वी

लग्नाची डिस्क एकदा जरी नीट चालली, तरी त्याच दिवशी तिची प्रत काढा. लॅपटॉपला बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा, डिस्कवरचा "व्हिडिओ टीएस" हा पूर्ण फोल्डर कॉपी करा आणि दोन ठिकाणी ठेवा. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो चालतो. दुरुस्तीचा खर्च प्लेअरसाठी करावा की नाही हा विचार त्यानंतर निवांत करता येतो.

दुकानात नुसता प्लेअर नेऊ नका. रिमोट, तुमचीच केबल आणि अडकणारी डिस्क बरोबर घ्या. "चित्र येत नाही" एवढंच न सांगता "सेटअप मेनू स्वच्छ दिसतो, व्हीसीडी चालते, डीव्हीडी वाचत नाही" असं सांगा, म्हणजे न बिघडलेला पार्ट बदलला जात नाही. नुसती लेन्स बदलणार की ट्रेसकट सगळं मेकॅनिझम, ते आधी विचारा आणि जुना पार्ट परत मागा. दुरुस्ती झाली की अडकणारी डिस्क त्यांच्यासमोरच लावा, अडकायची त्या जागेच्या थोडं आधीपासून दहा मिनिटं चालू द्या आणि मगच पैसे द्या.